चुकांचे परकर

भानुमतीचं सगळं लहानपण वडिलांच्या चुका नेसण्यात गेलं. ही थट्टा नाही. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात तिचे वडील वासुदेवराव कापड रंगवायचे आणि छापायचे. घराणं पिढीजात रंगाऱ्यांचं. पूर्वज कधीकाळी मराठी बोलत बोलत या गावात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि रंगाच्या पिंपापाशी दोन्हींची मिसळ, असा सगळा कारभार.

कुलदेवी हिंगुलांबिका. घरात तिला नुसतं 'आई' म्हणत. दर नवरात्रात घट बसायच्या आत आईला नवा लाल शेला छापायचा, असा या घराचा नेम होता, आणि तो घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषानंच छापायचा. आंघोळ करून बसायचं, आणि पहिल्या ठशापासून शेवटच्या ठशापर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. एक जरी ठसा सरकला, किनारीची एक जरी कैरी वाकडी बसली, तर तो शेला आईला चालत नसे. तो तिथल्या तिथं निळीच्या पिंपात बुडवायचा आणि दुसरा छापायला घ्यायचा. नीळ चढलेल्या त्या कापडाचे मग घरातल्या बायकांना परकर शिवले जायचे. वासुदेवरावांचा हात चांगला होता, पण मौन काही झेपायचं नाही. गच्चीवर कावळा आला की ते तोंड मिटून नुसत्या डोळ्यांनी त्याच्यावर खेकसायचे, आणि तेवढ्यात ठसा सरकायचा. भानुमतीला परकरांची कधी वाण पडली नाही.

चुका शोधायचं काम होतं धाकट्या भावाचं, पद्मनाभचं. पोराचे डोळे भारी तेज. सापडलेल्या प्रत्येक चुकीमागे त्याला गुळाचा खडा मिळायचा, त्यामुळे तो शेल्यावर नाक टेकवून तपास करायचा. भानुमतीच्या वाट्याला आलं ते धुणं. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचं, तुरटी कुटायची, चुलीवर मंजिष्ठेचं पाणी उकळत ठेवायचं, आणि मग धुवायचं, पिळायचं, पुन्हा धुवायचं. तिच्या बोटांचा लाल रंग शाळेतही जायचा नाही. ठशाला मात्र तिनं हात लावायचा नव्हता.

एकदा तिनं विचारलंच. "अप्पा, एक कैरी मी मारू?"

"अय्यो, बाईचा हात धुण्याचा गं," वासुदेवराव म्हणाले. "ठशाला वजन लागतं."

"मग ओल्या कापडाची घमेली उचलायला लागत नाही का वजन?"

वासुदेवराव खदखदून हसले आणि मुलगी किती हुशार आहे हे त्यांनी शेजारी सांगितलं. ठसा काही दिला नाही. भानुमतीचं वडिलांवर जिवापाड प्रेम होतं, पण त्या हसण्याचा राग तिनं पुढं कितीतरी वर्षं जपून ठेवला, आणि योग्यच केलं.

पुढं गिरणीच्या छापील कापडानं सगळ्यांचेच ठसे घरी बसवले. मंडळी सरस्वतीपुरमला राहायला आली. पद्मनाभनं शाळेच्या गणवेशांचं दुकान टाकलं, कमलाक्षीशी लग्न केलं. भानुमतीचं लग्न जमलं नाही, असं नातेवाईक म्हणत. खरं तर तिनं ते जमू दिलं नाही. पुढच्या पडवीत शिवणाचं मशीन टाकून तिनं निम्म्या सरस्वतीपुरमचे ब्लाऊज शिवले. वासुदेवराव मात्र जिवात जीव होता तोवर दर नवरात्रात गच्चीवर बसून आईचा शेला छापत राहिले. ते गेले आणि पुढच्या नवरात्रात पद्मनाभनं देवराज मार्केटमधून एक लाल साटिनचा तुकडा आणला. त्याला सोनेरी लेस होती. तोच आईच्या खांद्यावर घातला.

आईनं काही तक्रार केली नाही. भानुमतीनं केली.

"पद्दू, हे काय आणलंस? हे तर लग्नात आहेराच्या ताटावर घालतात."

"मला कुठंय टाइम अक्का, छापत बसायला? दसऱ्यात दुकान सोडून येऊ काय?"

"तुला नसेल वेळ. मी छापते. आता घरात वडीलधारी मीच आहे की."

"वडीलधारी आहेस, पुरुष नाहीस. बाईनं छापलेला शेला आईचा होतच नाही. मुगीतु."

मुगीतु म्हणजे संपलं. पद्मनाभ वाईट माणूस नव्हता. बहिणीला कधी उणं बोलला नाही, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यानंच धावपळ करून करवून आणलं. पण काही माणसांचं असं असतं की नेम पाळायचे कष्ट घेणार नाहीत, आणि दुसऱ्यानं पाळायला घेतला की दारात आडवी पडतील. घरातले बाकीचे ठसे त्यानं गोकुलमच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकले. तिथं योग शिकायला परदेशी मंडळी येतात. त्यांच्या पाहुणेघरात भिंतीवर लावायला ते ठसे कामी आले. आईच्या शेल्याचे दोन ठसे तेवढे देवघरात राहिले, एक रेघेचा आणि एक आत रंग भरायचा, भरणीचा. खंडेनवमीला त्यांना हळदकुंकू लागायचं आणि वर्षभर त्यांच्यावर उदबत्तीची राख पडायची.

गंमत अशी की त्या भिंतीवरच्या ठशांनीच पुढचं सगळं घडवलं. त्या पाहुणेघरात मार्टा नावाची एक पोर्तुगालची बाई राहत होती. योगाच्या सैल विजारी शिवून घ्यायला ती भानुमतीकडे यायची. एके दिवशी तिनं खोलीतल्या भिंतीचा फोटो दाखवून विचारलं, "हे काय आहे?" भानुमतीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. अप्पांचे ठसे. मग तिनं मशीन थांबवलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे सांगायला सुरुवात केली ते जेवणाची वेळ टळून गेली तरी चालूच होतं. मार्टा चित्रकार होती. ती म्हणाली, राजस्थानात बाडमेरच्या पुढं वाळवंटात एक गाव आहे. तिथं दर हिवाळ्यात कलाकार जमतात, चित्रं काढणारे, मातीकाम करणारे, छापणारे. महिनाभर राहून काम करायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ते मांडायचं. ती स्वतः जाणार होती. "तू पण चल," मार्टा म्हणाली. "तिथले छापणारे अजून छापतात."

घरी हे कळल्यावर जे व्हायचं ते झालं.

"या वयात वाळवंट?" पद्मनाभ म्हणाला. "वाळूच बघायची आहे ना तुला? तलकाडला जा की! सकाळी बसनं जा, दुपारी परत ये. देऊळ पण आहे."

"तलकाडला ठसा मारायला कोण शिकवणार? तू?"

"लोक काय म्हणतील, अक्का? सुम्मने, उगीचच असलं खूळ..."

"म्हणू देत. माझे ब्लाऊज घालूनच म्हणतील ना?"

निघायच्या दिवशी तिनं देवघरात जाऊन दोन्ही ठसे उचलले, राख पुसली आणि सगळ्यांच्या देखत शिवणाच्या पिशवीत घातले. पद्मनाभ पुढं आला तेव्हा ती म्हणाली, "चोरून नेत नाही. आईला सांगून नेते. तुला अडवायचं असेल तर तिला विचारून अडव."  कमलाक्षीनं पुळियोगरेचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा आणून त्याच पिशवीत ठशांवर ठेवला. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भानुमतीला त्या डब्यानं जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या आशीर्वादानं दिला नसता.

म्हैसूरहून अजमेरपर्यंत थेट गाडी जाते. तिथून पुढं आणखी गाड्या, मग जीप. जीपमधून उतरून भानुमतीनं समोर बघितलं आणि तिला पहिल्यांदा हसू आलं. इतकं काहीच नसलेलं तिनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. म्हैसूरला मान वळवावी तिथं चामुंडीचा डोंगर नाहीतर कुणाची तरी गच्ची आडवी येते. इथं नजर निघाली की निघालीच. आणि या एवढ्या मोकळ्या जागेत कोणी विचारत नव्हतं, बाई, तुम्ही कुणाच्या कोण. 'काय करता' एवढंच विचारायचे. ती सांगायची, "छापते." अजून एकही ठसा मारला नव्हता, तरी बेधडक सांगायची.

गाव लहानच, पण हिवाळ्यात त्याला नुसतं उधाण येत होतं. गोठ्यांच्या भिंती रंगल्या होत्या. कुणी फुटक्या मडक्यांचा मनोरा रचत होतं. दिल्लीची एक मुलगी जुने दरवाजे आणून वाळूत उभे करत होती. घर नाही, भिंत नाही, नुसते दरवाजे. भानुमतीला पहिल्यांदा वाटलं, पोरीला वेड लागलंय. मग कोणी बघत नाही असं पाहून ती एकेका दरवाज्यातून आत गेली, बाहेर आली. शेवटच्या दरवाज्याला तर तिनं कडीसुद्धा घालून बघितली. संध्याकाळी गावातले गाणारे बसायचे. त्यांचा आवाज वाळूवरून कुठच्या कुठं जायचा आणि अडायचा नाही. भानुमती त्या महिन्यात वाळवंटाच्या प्रेमात पडली, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. या वयात कशाच्या तरी प्रेमात पडायची तिची स्वतःचीही अपेक्षा नव्हती.

छपाईचं आवार सुलेमानचाचांचं होतं. म्हातारा माणूस, दाढी मेंदीनं लाल. त्यांची सून मरियम ठसा मारत होती. भानुमती बघतच राहिली. हैदराबादी वळणाच्या हिंदीत तिनं विचारलं, तुमच्यात बायका मारतात? मरियम म्हणाली, आधी नाही मारायच्या. हा मेळा सुरू झाला, काम वाढलं, तेव्हा तिनं हात घातला. लोक खूप बोलले. नंतर बोलणारेच आपापल्या सुना शिकायला घेऊन आले.

भानुमतीनं पिशवीतून ठसे काढले तेव्हा सुलेमानचाचांनी ते आधी डोळ्यांना लावले. कुठल्या देवीचे, त्यांनी विचारलं. हिंगुलांबिका म्हटल्यावर त्यांना कळेना. मग कळलं, तेव्हा ते उठून उभे राहिले. "हिंगलाज? आमची आजी तिला नानी म्हणायची. आमच्या आजीच्या वेळचे लोक उंटावरून जायचे नानीकडे." त्यांनी मावळतीकडे हात केला. तिकडे, सीमेपलीकडे, अशाच वाळूच्याही पुढं.

भानुमती त्या हाताच्या दिशेनं बघत उभी राहिली. जिची पूजा आपण जन्मभर सरस्वतीपुरमच्या देवघरात केली, तिचं घर या बाजूला आहे, आणि ती अशा उघड्यावाघड्या रानात एकटी बाई राहते, याचा विचार तिनं कधी केलाच नव्हता. तिला आतून भरून आलं. मग साटिनची आठवण झाली आणि तितकाच रागही आला.

शिकणं सोपं नव्हतं. कुठला रंग कशानं होतो ते तिला ठाऊक होतं. हात मात्र कोरा होता. म्हैसूरच्या हवेत रंग ठशावर सुस्त बसून राहतो. इथं ठसा ताटलीतून उचलून कापडापर्यंत न्यावा तर रंग वाळलेला. मरियम ओरडायची, जल्दी जल्दी! सुरुवातीच्या कैऱ्या सगळ्या अर्ध्या उठल्या. मनगट सुजलं. वडिलांचं एक म्हणणं तेवढं खरं निघालं, ठशाला वजन लागतं. पण ते वजन तिच्याकडं होतं. जन्मभर ओली घमेली उगाच उचलली नव्हती.

मेळा संपत आला तेव्हा तिनं आईचा शेला छापायला घेतला. पहाटे आंघोळ केली, सगळ्यांना खुणेनं सांगितलं की आता बोलणार नाही, आणि बसली. एकेक ठसा सरळ पडत गेला. काळी रेघ, मग भरण, किनारीला कैऱ्यांची रांग. शेवटचा ठसा उचलला तेव्हा दुपार झाली होती आणि तिला एकही चूक दिसली नाही.  आता वाळवायचा. मंडी मोहल्ल्यात छापलेलं कापड गवतावर उताणं पसरायचे, ऊन लागलं की काळं खुलतं. ती शेला घेऊन आवाराबाहेर गेली आणि म्हैसूरच्या सवयीनं तो वाळूवर उताणा पसरला. मरियम लांबून दोन्ही हात हलवत होती. भानुमतीला वाटलं, कौतुक करतेय. तिनंही हात हलवला. शेवटचा ठसा पडला तरी मौन तिनं अजून सोडलं नव्हतं, त्यामुळे ना हिनं विचारलं, ना नेम मोडेल म्हणून तिनं हाक मारली.

दुपारी तिथं वारा सुटतो, हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. तो सुटला. क्षणभर सगळं पिवळं झालं. डिंकाच्या ओल्या रंगावर वाळू जी बसली ती बसलीच. झटकावं तर कैऱ्या निघून यायला लागल्या. उकळून, धुवून काढल्यावर शेला असा दिसायला लागला की जणू कसरीनं खाल्लाय. अख्खी किनार तुटलेली.

भानुमती वाळूत बसून रडली. मरियम शेजारी बसली आणि म्हणाली, "मी ओरडणार होते. पण तू देवाचं मौन धरलं होतंस." त्यावर दोघी रडता रडता हसायला लागल्या.

आणि मग वादिराज आला. हा बेंगळुरूचा तरुण, मेळ्याची मांडणी तो बघायचा. भानुमतीशी तो कन्नडमध्ये बोलायचा, त्यामुळे तिला तो घरच्यासारखा वाटायचा. त्यानं शेला उजेडात धरला आणि त्याचे डोळे चमकले.

"अम्मा, हे तर फारच सुंदर झालंय! मधल्या भिंतीवर हाच लावू."

"ही चूक आहे, बाबा. हा कापडाचा नाश आहे."

"चूक कशी? तुम्ही छापलं आणि वाळवंटानं त्यावर सही केली."

"त्याला सही करायची असेल तर त्यानं स्वतः कैरी कोरावी. माझ्यावर कशाला करतो?"

वादिराज हसला, पण त्याचंही म्हणणं मनापासूनचं होतं. त्याला खरंच तो शेला आवडला होता, आणि दिसायला तो काही वाईट नव्हताच. मार्टा पण म्हणाली, लाव. भानुमतीला मोह झाला नाही असं नाही. लांबलांबून माणसं येणार, फोटो काढणार, आणि भिंतीवर तिचं नाव असणार, भानुमती, म्हैसूर. जन्मात कुणी तिचं नाव ब्लाऊजच्या चिठ्ठीपलीकडं लिहिलं नव्हतं. शेवटी ती हो म्हणाली.

मांडणी उघडायच्या दिवशी गर्दी झाली. मधल्या भिंतीवर शेला टांगला होता. लोक जवळ जाऊन वाहवा करत होते. भानुमती कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती आणि मनातल्या मनात मोडक्या कैऱ्या मोजत होती. एक बाई म्हणाली, ही तुटलेली किनारच किती बोलते. तेवढ्यावर भानुमती पुढं झाली, स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि शेला भिंतीवरून उतरवला. वादिराज धावत आला. "अम्मा, काय करताय? लोक बघतायत."

"बघू देत की. माझ्या घरचा नेम आहे. चुकलेला शेला भिंतीवर जात नाही, पिंपात जातो. चुकीला चूक म्हटलं नाही तर बरोबर छापणार कधी मी?"

आणि तिनं तो खांद्यावर टाकून सरळ सुलेमानचाचांच्या आवारात नेला. सगळी गर्दी मागोमाग. निळीच्या पिंपापाशी बसून तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. वर काढलं तेव्हा कापड हिरवट होतं, वारा लागला तसं निळं होत गेलं. सुलेमानचाचा नुसते मान हलवत होते. वादिराज आधी रागावला, मग त्यानं ती रिकामी भिंत मांडणी उतरेपर्यंत तशीच ठेवली, खाली नाव लिहिलेलं. त्याचं त्याला काय वाटलं असेल ते असो. भानुमतीनं मरियमच्या मशीनवर त्या कापडाचा परकर शिवला आणि तोच नेसून म्हैसूरची गाडी धरली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या अंगावर तिची स्वतःची चूक होती, आणि ती अगदी अंगासरशी बसली होती.

घरी परतल्यावर तिनं पहिलं काम केलं ते गच्चीवर दोन प्लॅस्टिकची पिंपं चढवली. निळीचा वास सुटला. पद्मनाभ वर आला.

"अक्का, साकु, पुरे आता. शेजारी नाक धरून जातायत."

"अप्पांची गच्ची आहे. अप्पांचाच वास आहे. तू विसरलास काय?"

पद्मनाभ विसरला नव्हता. तो जिना उतरून खाली गेला. उन्हाळाभर, पावसाळाभर, उघडीप मिळेल तेव्हा भानुमती गच्चीवर जुन्या चादरींवर कैऱ्या मारत राहिली. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायकांना थांबावं लागायचं. काही जणी दुसरीकडं गेल्या. तिनं जाऊ दिलं.

नवरात्र चार दिवसांवर आलं तेव्हा ती पहाटे आंघोळ करून शेला छापायला बसली. कमलाक्षीनं जिन्याचं दार गच्चीकडून लावून घेतलं आणि आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, त्या बोलत नाहीत आज. शेवटचा ठसा उचलला आणि भानुमती उभी राहते तोच दार वाजलं आणि कमलाक्षीनं ते उघडलं. पद्मनाभ होता. हातात मार्केटची पिशवी, पिशवीत साटिन. वाद घालायच्या तयारीनंच आला होता. पण समोर पाटावर तो शेला पसरलेला होता, अगदी अप्पांच्या वेळच्यासारखा.  त्यानं पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि गुडघे टेकून बसला. नाक कापडाला टेकवून तो किनारीवरून सरकायला लागला. साठीला आलेला माणूस, पण बसला अगदी गुळाच्या खड्यासाठी बसायचा तसा.

एका कोपऱ्यात तो थांबला.

"सापडली!" तो ओरडला. "ही कैरी बघ! देठाशी ठसा सरकलाय! बघ, रेघ दुहेरी झालीय! बुडव. हा आईला चालायचा नाही!"

भानुमतीनं वाकून बघितलं. खरंच सरकला होता. केसभर, पण सरकला होता.  कमलाक्षीनं तोंडावर हात धरला. मग भानुमती सरळ उभी राहिली.

"पद्दू, बाईनं छापलेला शेला आईचा होतच नाही, असं तूच म्हणाला होतास ना?"

"म्हणालो होतो. मग?"

"मग आईला चालायचं की नाही, हा प्रश्न आला कुठनं? ही माझी चादर. मी पलंगावर घालते. चादरीत असेना का चूक! बुडवायचा नेम आईच्या शेल्याला आहे, माझ्या चादरीला नाही."



"सांग की आता," भानुमती म्हणाली.  "बुडवू, का पलंगावर घालू? तू म्हणशील तसं."

पद्मनाभ त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. चुकलेली कैरी, आणि तिच्यावर झोपायचं? वासुदेवरावांच्या मुलाला ते कसं सोसावं?  खाली रस्त्यावरून फुलवाला ओरडत गेला.

"बुडव, अक्का," तो हळूच म्हणाला. "आईचा आहे तो. बुडव."

भानुमतीनं शेला उचलला आणि पिंपात घातला. कोपरापर्यंत हात आत होते आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते पुसायला हात रिकामा नव्हता. कमलाक्षीनं पदरानं पुसलं.

"कमलाक्षी, याचे परकर होतील बघ," भानुमती जरा वेळानं म्हणाली.

"मी नाही नेसत हो परकर. मी नायटी घालते."

"मग परकर नको." भानुमतीनं निळं कापड वर काढून पिळलं. "आजवर या घरात पुरुषांच्या चुका बायकांनी नेसल्या. ही चूक बाईची आहे. याची लुंगी होईल. पद्दूला."

 दुसऱ्या दिवशी पद्मनाभनं दुकान उघडलंच नाही. भानुमतीनं पुन्हा पहाटे आंघोळ करून नवा शेला छापायला घेतला तेव्हा वाऱ्यानं कापड हलू नये म्हणून टोक धरून तो बसला, निळी लुंगी नेसून, तोंड मिटून. कावळा आला तेव्हा त्यानं नुसत्या डोळ्यांनी त्याला हाकललं. शेवटचा ठसा पडल्यावर त्यानं नाक टेकवून दोनदा तपास केला, आणि या खेपेला त्याला गुळाचा खडा मिळाला नाही. घट बसले तेव्हा आईच्या खांद्यावर भानुमतीनं छापलेला शेला होता.

ती लुंगी पद्मनाभनं दसऱ्यापर्यंत सोडली नाही. आलेले पाहुणे म्हणायचे, काय सुंदर निळा रंग आहे हो, कुठं घेतलीत? तो छाती काढून सांगायचा, "विकत नाही मिळत. आमच्या अक्काची चूक आहे."